आप्पांचा टीव्हीवरचा खून

माझ्या सासऱ्यांचा खून झाला तेव्हा ते माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होते.

रविवारची संध्याकाळ होती. टीव्हीवर ‘सत्याच्या मागावर’ लागलं होतं. पडद्यावर जोतिबा नावाच्या विणकराच्या गळ्याभोवती कुणीतरी जांभळी साडी आवळली, तो आडवा झाला, आणि इकडं खरे जोतिराम, म्हणजे आमचे आप्पा, हातातली शेंग तशीच धरून म्हणाले, "जाहिरात लागायच्या आदीच मारलं की मला."

कुणी हसलं नाही. खोलीत निम्मी गल्ली बसली होती. सगळ्यांनी एकदा आप्पांकडं पाहिलं आणि मग, जरा जास्त वेळ, माझ्या सासूबाईंकडं पाहिलं. कारण साडी आवळणारी बाई जोतिबाची बायको होती.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

आम्ही बेळगावला लागून असलेल्या वडगावचे विणकर. घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिच्यात यंत्रमाग चालतात. त्यांचा खडखडाट इतका की आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच पडलेली नाही. मी सुवर्णा, या घरची सून, शाळेत शिकवते. माझे मिस्टर परशराम माग बघतात. धाकटी नणंद प्रियदर्शनी शिकून आता बेळगावात एका कंपनीत कामाला जाते. आप्पांनी जन्मभर यंत्रमाग चालवले, पण घराच्या मधल्या खोलीत त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. रोज सकाळी आंघोळ झाली की आप्पा त्या खड्ड्यात उतरायचे. वर्षाकाठी एखादी साडी निघायची त्यातून. ती कोण विकत घेतं, कशाला घेतं, हे कुणी विचारत नव्हतं. आप्पाही सांगत नव्हते. आप्पा मुळात काहीच सांगत नाहीत.

सासूबाई, दुर्गाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या मात्र बोलतात. आणि टीव्ही बघतात. सासू-सुनांच्या मालिका त्यांना खोट्या वाटतात. "असं कुठं असतंय व्हय गं?" म्हणून नाक मुरडतात. त्यांना खरं बघायला लागतं, म्हणून त्या गुन्ह्यांच्या मालिका बघतात. इन्स्पेक्टर काळा चष्मा घालून प्रेताजवळ बसतो, हवेचा वास घेतो आणि खुनी डावखुरा होता म्हणून सांगतो. आत्या मान हलवतात. रक्ताचा तपास जाहिरात संपेपर्यंत होऊन येतो. आत्या मान हलवतात. सगळं खरं. ‘सत्याच्या मागावर’ हे नाव ऐकून आप्पा पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने येऊन बसले होते, विणकरांवरचा कार्यक्रम असेल म्हणून. पहिल्याच पाच मिनिटांत दोन मुडदे पडल्यावर उठून गेले.

दीड वर्षापूर्वी प्रियदर्शनीला स्थळं बघायला सुरुवात झाली. पाहुणे येणार, बसणार कुठं? मधली खोली मोठी, पण तिच्यात माग. आत्यांनी दोन-चारदा विषय काढला. आप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग आप्पा खानापूरकडं एका लग्नाला गेले तेव्हा आत्यांनी माणसं लावली, माग मोडला, लाकूड जळणाला दिलं, खड्डा बुजवून वर फरशी टाकली. सोफा आला. सोफ्यासमोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही आला. मी तेव्हा शाळेत होते असं सांगायला मला आवडेल, पण सुट्टी होती, मी घरीच होते, आणि मला सोफा आवडला होता.

आप्पा लग्नाहून आले. दारातच थांबले. खोली बघितली. आत्या म्हणाल्या, "कशी झालीय?" आप्पांनी चहा मागितला, प्यायला, कपबशी स्वतः नेऊन मोरीत ठेवली, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. आम्हाला वाटलं, पानाच्या दुकानापर्यंत गेले असतील.

ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या, परशराम आणि मी पोलिसांत गेलो. आत्या वाटेत रिक्षात मला समजावत होत्या, "आता ते मोबाईलचा टावर बघतील. सीसीटीव्ही काढतील. कुत्रं आणतील, त्येला आप्पांचा सदरा द्यायचा." त्यांनी सदरा पिशवीत घातलाही होता. ठाण्यात हवालदार होते, त्यांनी फोटोच्या दोन प्रती मागितल्या. आमच्याकडं एकच होती. दुसरी काढून आणेपर्यंत साहेब जेवायला गेले. साहेब आले तेव्हा वीज गेली. हवालदार कानडीत धीर देत होते, "बर्तारे, बर्तारे." येतील, येतील. मग मराठीत विचारलं, "भांडण झालं होतं?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. खरंच झालं नव्हतं.

"कुणी दोस्त हाय त्यांचा? कुणाकडं जातील?"

परशराम म्हणाले, "आप्पांना कुठला आलाय दोस्त?" हवालदारांनी ते लिहून घेतलं. सदरा त्यांनी परत दिला. कुत्रं नव्हतं.

आठवडा गेला तेव्हा जवळच्या कंग्राळी गावाहून एका बाईचा फोन आला. मालुबाई म्हणून. "जोतिरामभाऊजी तुमचंच माणूस न्हवं? आमच्यात हाईत. ऱ्हाऊ देत, काय तक्रार न्हाई, पण सकाळपासनं दोघं कट्ट्यावर बसत्यात आणि एक अक्षर बोलत न्हाईत. आमच्या ह्यांनी शेतात जायचं सोडलंय. न्हेता का?"

मालुबाईंचे मिस्टर भावकू. आप्पांच्या बरोबर शाळेत होते. पन्नास वर्षं दोघांची दोस्ती आणि घरात कुणाला पत्ता नाही. परशराम स्कूटर घेऊन गेले आणि आप्पांना मागं बसवून घेऊन आले. आत्यांनी जेवायला वाढलं. "का गेला होता" असं कुणी विचारलं नाही. माणूस आलं ना, संपलं, असं सगळ्यांचं झालं.

एवढीच घटना. आता तुम्हीच सांगा, यात खून कुठं आहे?

तो साईनाथनं शोधला. साईनाथ म्हणजे आत्यांच्या भावाचा मुलगा, तिशी ओलांडलेला, लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि आपण मुळात कलाकार आहोत असं त्याचं ठाम मत आहे. मुंबईतल्या कुणाची तरी ओळख काढून त्यानं मालिकेच्या लोकांना कळवलं की आमच्या वडगावात एक विणकर गूढरीत्या गायब झाला होता. सापडला की नाही, हे त्यानं कळवलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यांनी फोन ठेवला असता, असं त्यानं नंतर मला स्वच्छ सांगितलं. बदल्यात त्याला भूमिका मिळाली. विहिरीभोवतीच्या गर्दीत तो उभा आहे. पाठमोरा.

एपिसोड आहे हे त्यानं गल्लीभर सांगितलं, कशावर आहे हे मात्र सांगितलं नाही. म्हणून त्या रविवारी सगळे आमच्या सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर आणि खाली फरशीवर बसले होते.

सुरुवातीला पाटी आली, ‘सत्य घटनेवरून प्रेरित’. तिच्याखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी आलं, ते वाचायच्या आत गेलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली, ‘बेळगावजवळचं एक गाव’, आणि मागं समुद्र दिसला.

"आपल्यात समुद्र कुठाय?" शेजारच्या जयाबाई म्हणाल्या.

"गप गं, बघ पुढं," आत्या म्हणाल्या.

विणकराच्या घरात माग नव्हता. चरखा होता. विणकराची बायको, देवी तिचं नाव, सकाळी उठल्या उठल्या ओठ रंगवून आणि पाठ उघडी टाकून तुळशीला पाणी घालत होती. सगळे जण जी भाषा बोलत होते ती कुठल्याही गावात बोलत नाहीत. ‘इपरीत जालं धनी’ असं कोण म्हणतं? कामाला किसना नावाचा गडी होता. त्याला सदरा परवडत नसावा, कारण पूर्ण एपिसोडभर तो उघड्या छातीनं सूत वाहत होता. देवी आणि किसना चरख्याशेजारी एकमेकांकडं बघायला लागले तेव्हा मला अंदाज आला. मी रिमोट शोधला. तो जयाबाईंच्या बुडाखाली होता.

आमच्याकडं किशन खरंच आहे. आम्ही त्यांना किशनमामा म्हणतो. साठीला आलेत, गुडघ्याला पट्टा असतो आणि कवळी काढून खिशात ठेवायची सवय आहे. ते तेव्हा दाराशीच उभे होते. मान खाली घालून चपला शोधायला लागले.

मग देवीनं जोतिबाला मारलं. मारायच्या आधी तिनं लांबलचक भाषण केलं, की तुझं सगळं लक्ष या चरख्यात, माझ्याकडं तू कधी बघितलंच नाहीस. मग साडी. मग विहीर. मग इन्स्पेक्टर आला, चष्मा काढला, प्रेताच्या मुठीतून एक धागा ओढला आणि म्हणाला, "या धाग्याचं दुसरं टोक खुन्याच्या हातात आहे." प्रेताचं पोट वर-खाली होत होतं. आत्यांनी आजवर असली किती प्रेतं बघितली असतील, पण ते त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच दिसलं. "श्वास घेऊलाय की त्यो," त्या पुटपुटल्या.

शेवटी देवीला बेड्या पडल्या. लोक उठले. चपला घालून एकेक निघाले. जयाबाई तेवढ्या दारात थांबून म्हणाल्या, "मालिकाच हाय गं ती. पण काईतरी असल्याशिवाय दावत न्हाईत."

"अगं, नवरा माझा जित्ता बसलाय हितं!" आत्या ओरडल्या.

जयाबाईंनी आप्पांकडं बघितलं. पटलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. खानापूरहून आप्पांच्या बहिणीचा आला, तो आप्पांनीच उचलला. पलीकडून रडणं. आप्पा म्हणत होते, "अगं, मी बोलतोय, मी." ती म्हणाली, "अण्णा, तू नगं बोलू, मला लई भरून येतंय. दुसऱ्या कुणाला तरी दे." किशनमामा कामावर आले नाहीत. त्यांच्या मंडळींनी निरोप पाठवला की गुडघा दुखतोय, आणि तो आता बरा होईल असं वाटत नाही. जयाबाईंनी आमच्याकडून ताक न्यायचं बंद केलं. इतकी वर्षं रोज नेत होत्या, आणि इतकी वर्षं त्यांना कुणी विष घातलं नव्हतं. शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलीनं अतिशय नम्रपणे विचारलं, "टीचर, तुमच्या विहिरीत अजून पाणी हाय?"

आमच्याकडं विहीर नाही. नळ आहे, त्यालाही आठवड्यातून एकदा पाणी येतं.

आत्या पहिल्यांदा चिडल्या, मग रडल्या, मग गप्प झाल्या. त्या गप्प झाल्यावर मी घाबरले. मी साईनाथला धरलं, त्याच्याकडून नंबर काढला आणि मुंबईला फोन लावला. ज्यानं ते लिहिलं होतं तो लेखक फोनवर आला. आवाज गोड होता, आणि तो खूप दमलेला वाटत होता.

"तुम्ही ज्यांचा खून दाखवलात ते माझे सासरे जिवंत आहेत," मी म्हटलं.

"अरे वा! फार छान," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

"माझ्या सासूला लोक खुनी म्हणायला लागलेत."

"पण मॅडम, आम्ही नावं बदललीत. जोतिरामचं जोतिबा केलं, दुर्गाचं देवी केलं..."

"आणि किशनचं किसना केलंत."

"हो ना. आणि सुरुवातीला पाटी असते, की यातले प्रसंग काल्पनिक आहेत."

"ती वाचता येत नाही."

"तीसुद्धा वाचणारे असतात," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "खरं काय झालं होतं?"

मी सांगितलं. लग्न, माग, फरशी, चपला, कंग्राळी, कट्टा. तो ऐकत राहिला.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काही नाही. घरी आले."

"मॅडम," तो म्हणाला, "एक म्हातारा रुसला आणि मित्राच्या कट्ट्यावर जाऊन बसला. आणि दोघं बोलतही नव्हते. मी चाळीस मिनिटं काय दाखवू? तुम्ही बघितलं असतंत?"

मला खोटं बोलायचं होतं. पण मी चॅनेल बदललं असतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी फोन ठेवला.

याच गडबडीत निपाणीचं स्थळ येणार होतं. तंबाखूची वखार, एकुलता एक मुलगा, नाव सूरज. आधीपासून ठरलेलं. आम्हाला वाटलं, आता ते येत नाहीत. उलट त्यांचाच फोन आला की आम्ही येतोय, आणि चारच्या ठिकाणी जरा जास्त माणसं असतील.

दोन गाड्या भरून आले. मुलाचे वडील मारुतीराव, आई राजाबाई, काक्या, मावश्या, आणि कोण कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही असे आणखी काही. प्रियदर्शनी चहाचा ट्रे घेऊन आली तर तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. सगळे माना वळवून खोली बघत होते.

"हीच का ती खोली?" एक मावशी कुजबुजली. "टीव्हीत मोठी दिसत होती."

"आणि चरखा?" राजाबाईंनी विचारलं.

"चरखा न्हाई आमच्यात," परशराम म्हणाले. "आमच्यात माग असतात."

सूरज उठून मागच्या शेडमध्ये गेला आणि मागाशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढून आला. मग त्यानं प्रियदर्शनीला पहिला आणि एकमेव प्रश्न विचारला, "तुम्हाला आधीपासून संशय होता का?"

मारुतीरावांनी विहीर दाखवा म्हणून सांगितलं. नाही म्हटल्यावर त्यांनी ‘समजलं’ अशा अर्थानं डोळे मिटले. बुजवली असणार.

तेवढ्यात आप्पा आतून आले. स्वच्छ धोतर, टोपी. हात जोडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"हे कोण?" राजाबाईंनी विचारलं.

"मुलीचे वडील," मी म्हटलं.

राजाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आवाज खाली आणून, अगदी समजुतीनं विचारलं, "सावत्र?"

आत्या पोह्यांच्या आणखी बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बश्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता या पाहुण्यांना हाकलणार. पण त्या खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सख्खे हाईत. माझा पयला आणि एकच नवरा. कुणी मारलं न्हाई त्येंस्नी. पण हितं जे झालं ते मी केलं, ते सांगते."

मारुतीराव पुढं सरकून बसले. सूरजनं मोबाईल वर धरला. मावश्यांनी पोहे थांबवले.

"हितं माग होता ह्येंचा," आत्या पायाखालच्या फरशीकडं बघत म्हणाल्या. "सासऱ्यांच्या हातचा. ह्ये लग्नाला गेल्ते तवा मी त्यो मोडला. जळणाला दिला."

"आणि मग?" राजाबाई.

"मग ह्ये आले, चा पिले आणि कंग्राळीला गेले. भावकू म्हणून दोस्त हाय, त्येच्याकडं."

"आणि तिथं?"

"तिथं जेवले-खाल्ले. बसले."

"कुणाबरोबर?"

"भावकूबरोबरच की. मग आणलं आमी परत."

सूरजनं मोबाईल खाली घेतला. "म्हणजे खून झालाच न्हाई?" मारुतीरावांनी विचारलं, त्यांच्या आवाजात फसवल्यासारखी नाराजी होती. एक मावशी दुसरीला म्हणाली, "अंधार पडायच्या आत निघाय पायजे." पोहे पुन्हा सुरू झाले. कुणाचा तरी फोन वाजला आणि तो माणूस बसल्या जागी मोठ्यानं बोलायला लागला.

त्या गलक्यात आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "टीव्हीतल्या बाईनं मारायच्या आदी कारण तरी सांगितलं."

आत्या वळल्या. "आणि मी सांगितलं असतं तर? इचारलं असतं तर? तुमी व्हय म्हणला असता?"

"न्हाई."

"मग?"

"न्हाई म्हणायला तरी मिळालं असतं."

मी या घरात आल्यापासून आप्पांच्या तोंडून सलग एवढी वाक्यं ऐकली नव्हती. आत्या तिथंच, पाहुण्यांच्या पायांशी, फरशीवर बसल्या. जिथं आप्पा पाय सोडून बसायचे जवळपास तिथंच. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. फरशीवर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलं माझं. लोकं येणार, बसणार कुठं, एवढंच डोस्क्यात होतं. त्यात तुमी कुठं बसणार, हे डोस्क्यात आलंच न्हाई."

आप्पांनी मान हलवली. ती होय म्हणून होती की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. पाहुण्यांपैकी कुणीही हे पाहिलं नाही. ते निपाणीला किती वाजता पोचणार आणि वाटेत चहा कुठं घ्यायचा यावर बोलत होते.

निघताना राजाबाई प्रियदर्शनीला म्हणाल्या, "कळवतो हं."

"मीच कळवते," प्रियदर्शनी म्हणाली. "मला न्हाई करायचं."

"का?" सूरज खरंच चकित झाला होता. "पोरीला संशय असतोच" असं काहीतरी तो गाडीत बसताना वडिलांना म्हणाला.

निपाणीत त्यांनी सांगितलं की मुलीची आई खुनी निघाली म्हणून आम्हीच नको म्हटलं. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी पोचलं. साईनाथ ते सांगायला स्वतः आला, आणि शेवटी दबकत म्हणाला की मुंबईवाले विचारतायत, विणकराचं भूत दाखवलं तर चालेल का. परशरामांनी त्याला दाखवलेल्या रस्त्यानं तो गेला.

किशनमामा हळूहळू कामावर यायला लागले. मंडळी रोज दारापर्यंत सोडायला येतात. जयाबाई ताक नेतात, पण आधी त्यांच्यासमोर आत्यांनी घोटभर पिऊन दाखवायचं असतं. आत्या पितात. बाजारात मात्र फरक पडला, आणि तो चांगल्यासाठी पडला. भाजीवाल्या बायका आता आत्यांना वजन बरोबर करून देतात. एकीनं तर कोथिंबीर न मागता वर टाकली आणि नजर वर केली नाही.

गेल्या आठवड्यात मी शाळेतून येताना आत्या मला बाजारात दिसल्या. शेजारी पिशवी धरून आप्पा. दोघं एकत्र बाजाराला आलेले मी पहिल्यांदाच बघितले. आत्यांनी वांगी निवडून तागडीत टाकली होती, भाजीवाली घाईघाईनं तोलत होती.

"चांगली हाईत न्हवं?" आत्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते भाजीवालीलाही कळलं नाही, तीच "व्हय व्हय" म्हणाली.

आप्पा वांग्यांकडं बघत राहिले. "मला नगं वांगं," ते म्हणाले.

"आँ? जन्मभर खाल्लं की!"

"खाल्लं. मला आवडत न्हाई."

आत्यांनी तागडीतली वांगी एकेक करून उचलून परत ढिगावर ठेवली.

"काय पायजे मग?"

आप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "दोडका घे."